बसतंय

दांडा बसला नाही. झालं एवढंच. एरवी डावं टोक त्या बाजूच्या तीन स्टडांवर, म्हणजे पत्र्यातून वर आलेल्या आटेदार खुंट्यांवर, टेकवायचं, उजवं नुसतं हातातून सोडायचं, की ते डब्याचं झाकण लागावं तसं खट्‌ करून आपल्या जागी जायचं. आज उजव्या टोकाची भोकं स्टडांच्या डोक्यावर येऊन अडली. त्यानं दांडा उचलला, फडक्यानं खालची जागा पुसली, पुन्हा टेकवला. पुन्हा अडला. नखाच्या जाडीएवढा फरक. म्हटलं तर काहीच नाही, आणि म्हटलं तर फार. शेडमध्ये अजून गारवा होता, वरचा पत्रा तापायचा होता, आणि ती बुटकी लाल गाडी बॉनेट उघडून, दातांच्या डॉक्टरपुढं बसलेल्या माणसासारखी आ वासून उभी होती. त्यानं दांडा तिसऱ्यांदा टेकवून पाहिला. थंडीनं आखडला असेल, असं त्यानं स्वतःला सांगून टाकलं. स्वतःला सांगायला त्याला नेहमीच काहीतरी सापडायचं.

त्याला सगळे मिस्त्री म्हणत. ठोकलेल्या गाड्या सरळ करण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि लोखंड त्याच्याशी खोटं बोलत नाही असं तो चारचौघांत म्हणायचा. हा दांडा त्यानंच बनवलेला. पुढच्या चाकांचे शॉकअॅब्सॉर्बर वर जिथं बॉडीला धरलेले असतात ते दोन उंचवटे, त्यांना टॉवर म्हणतात. गाडी जोरात वळली की हे दोन टॉवर एकमेकांकडं झुकू पाहतात, आणि त्यांना झुकू द्यायचं नाही म्हणून हा आडवा दांडा, एका टॉवरपासून दुसऱ्यापर्यंत. भांडणाऱ्या दोघांच्या मध्ये हात आडवा घालून उभं राहावं, तेवढंच त्याचं काम. शर्यतीच्या नियमांत तो चालायचा. स्टँडर्ड वर्गात दांडा लावा, पण कंपनीनं दिलेल्या स्टडांवरच लावा, दोनच टोकांचा लावा. तिसरा हात काढून मागच्या पत्र्याला जोडलात की गाडी खुल्या वर्गात. आणि बॉडीवर वेल्डिंगचा एक टाका जरी दिसला तरी खुल्या वर्गात, तिथं दुप्पट ताकदीची धूडं पळतात. त्याची मुलगी ही गाडी पळवायची, आणि या मोसमात ती स्टँडर्ड वर्गात पहिली होती, पण अगदी केसभरानं. आज शेवटची फेरी. एका मोठ्या टीमच्या माणसानं तिला सांगून ठेवलं होतं, हा वर्ग जिंकून दाखव, मग आपण बसून बोलू. त्या ‘बसून बोलू’वर बापलेकीचं घर गेले कित्येक महिने चाललं होतं. जेवताना तेच, भांडी घासताना तेच, आणि गप्प बसलं तरी तेच.

तेव्हा दांडा बसायलाच हवा होता. टॉवर आपण होऊन आत सरकत नाही. सरकला असेल तर त्याच्या बुडाशी कुठंतरी पत्रा फाटत असणार. पत्रा फाटत असेल तर इलाज एकच, वेल्डिंग. आणि वेल्डिंग म्हणजे खुला वर्ग, म्हणजे मोसम संपला. हा विचार मिस्त्रीच्या मनात असा पायरी-पायरीनं आलाच नाही. तो दाराशी आला असावा, आणि यानं आतूनच ‘घरात कोणी नाही’ म्हणून सांगितलं असावं. उजव्या टॉवरच्या कडेला, रंगात, एक बारीक रेघ होती. केसासारखी. त्यानं तिच्यावरून अंगठा फिरवला. रंग फुटलाय, तो मनाशी म्हणाला, जुना रंग, उष्णतेनं फुटतो. मग त्यानं दांडा शिकंज्यात धरला, गोल कानस घेतली आणि उजव्या टोकाची भोकं आतल्या अंगानं घासायला लागला. कानशीचा तो आवाज त्याला आवडायचा. त्या आवाजात डोकं रिकामं होतं. लोखंडाची चांदीसारखी भुकटी बोटांवर साचत होती, भोक गोलाचं लांबट होत होतं, आणि हाताला समजत होतं की आता झालं, आता अजून थोडं, आता झालं. दांडा पुन्हा टेकवला. बसला. त्यानं नट आवळले, घासलेल्या जागेची चकाकी काळ्या मार्करनं झाकली, आणि मोठ्यानं, शेडमध्ये कोणी नसताना, म्हणाला, “बसतंय.” खरं तर ज्या दांड्याची भोकं लांबट झाली तो दांडा धरून ठेवत नाही, नुसता असतो. हे त्यानं दुसऱ्याला सांगितलं असतं. दुसऱ्याच्या गाडीत असा दांडा दिसला असता तर आयमाय काढली असती.

दांडा आदल्या दिवशी संध्याकाळी मुलीनंच काढून ठेवला होता, खालचे नट आवळायला. “बाबा, दांडा तुम्ही बसवा हं सकाळी, माझा खांदा धरलाय,” एवढं म्हणून ती हात धुवायला गेली होती. आता ती वरच्या घरातून खाली आली. केस ओले, हातात दोन कप. एक कप तिनं बॉनेटच्या कडेला ठेवला, आणि ती दांड्याकडं बघत राहिली, जरा जास्तच वेळ. “बसला?” “न बसायला काय झालं?” “काही त्रास नाही दिला?” “छे.” ती काहीतरी म्हणेल असं त्याला वाटलं, पण तिनं चहा पिऊन टाकला, गरम असतानाच, घटाघट, आईसारखा. “चला मग,” ती म्हणाली.

स्टँडर्ड वर्गाच्या गाड्या रस्त्यावर चालवायच्याच असतात, त्यामुळं ट्रॅकवर ती तीच गाडी चालवत जायची आणि तो शेजारी बसायचा. रस्ता मोकळा होता. दुकानांची शटरं अर्धी वर गेली होती, एक माणूस पायरीवर पाणी मारत होता, बसथांब्यावर शाळेची मुलं एकमेकांच्या दप्तरांना लटकत होती. मिस्त्री समोर बघत होता आणि समोर बघता बघता त्याला तिचं मनगट दिसलं. रस्ता सरळ होता, गाडीही सरळ जात होती, पण स्टिअरिंग सरळ नव्हतं. ते जरासं डावीकडं धरलेलं होतं. जरासंच. आणि ते धरायला तिला जोर लावावा लागत होता, हे तिच्या मनगटाच्या शिरेवरून कळत होतं. खांदा उगाच धरला नव्हता. केव्हापासून ती असं चालवत होती? त्यानं विचारायला तोंड उघडलं आणि विचारलं, “टायरमध्ये हवा बघितलीस?” “बघितली.” त्याला स्वतःची चीड आली, पण ती चीडही त्यानं हवेच्या प्रश्नावर काढली. उजव्या टायरमध्ये कमी असेल हवा, म्हणून ओढत असेल. असतं असं कधीकधी.

त्याच्या बायकोच्या मनगटावरही अशीच शीर होती. बायको गेली त्याला काळ लोटला होता, पण हाताबद्दल कधी विचार आला की तिचाच हात यायचा. बारीक, काळसर, आणि त्यावर ते चौकोनी घड्याळ. गेली त्याच वर्षी एकदा ती शेडमध्ये आली होती, डबा घेऊन, आणि सहज म्हणाली होती, “अहो, याचा पट्टा सैल होतोय. मनगटावरनं कोपरापर्यंत जातं बघा.” तिनं हात वर करून दाखवलं होतं. घड्याळ खरंच कोपराकडं घसरलं, आणि दोघं हसली होती. तो गॅस्केटला भोकं पाडत होता. त्याच हत्यारानं त्यानं पट्ट्याला एक नवीन भोक पाडून दिलं. इतकं सुबक की कंपनीचंच वाटावं. ती बघत राहिली होती. घड्याळाकडं नाही, त्याच्याकडं. तेव्हा त्याला वाटलं होतं कौतुकानं बघतेय. पुढं पावसाळ्यात त्यानं आणखी एक पाडलं. पट्टा बसला, की विषय मिटला. मनगट का आटतंय, हे विचारायचं राहून गेलं असंही नाही म्हणता येणार. ते त्याच्या हत्यारात बसत नव्हतं. नंतर हॉस्पिटलात सगळं इतकं भराभर झालं, की डॉक्टर बोलत असताना तो त्यांच्या टेबलाचा एक पाय आखूड आहे हे बघत होता, आणि खाली कागदाची घडी घातली तर डुलायचं थांबेल, असा विचार करत होता. शेवटी नर्सनं एका पाकिटात घड्याळ घालून दिलं. घरी येऊन त्यानं पट्टा बघितला. त्यानं पाडलेल्या भोकांच्या पुढं आणखी एक भोक होतं. वेडंवाकडं, तापलेल्या सुईनं पाडल्यासारखं, कडा जळलेल्या. ते त्यानं पाडलेलं नव्हतं. ते तिनं स्वतःच पाडलं होतं, कधीतरी, त्याला न सांगता. त्याच्याकडं येण्यात अर्थ नाही हे तिच्या कधी लक्षात आलं, कोण जाणे. ते पाकीट तेव्हापासून कपाटात कपड्यांच्या खाली होतं आणि तो त्या कपाटातले कपडे वरवरचेच काढायचा.

ट्रॅकवर तपासणीची रांग लागलेली होती. पेट्रोलचा वास, जनरेटरची घरघर, कोणाच्या तरी पोरीनं घातलेली पिवळी टोपी. तपासणीला नियमबुवा होते. खरं नाव कोणाला आठवत नव्हतं. नियमांचं पुस्तक तोंडपाठ, आणि विनोद केला तरी कलम सांगून करायचे. मिस्त्रीचे जुने स्नेही. “काय मिस्त्री, आज लेक तुमची पेढे देणार म्हणे?” “तुम्ही चष्मा पुसून बघा आधी, मग पेढ्यांचं बोलू.” बुवा हसले, बॉनेटखाली वाकले, आणि त्यांचं हसू वाकता वाकता कामाचं झालं. त्यांनी दांड्यावर बोट ठेवून ते एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. दोन टोकं. तिसरा हात नाही. मूळचेच स्टड. बॉडीवर वेल्डिंग नाही. मग त्यांनी अंगठ्याच्या नखानं उजव्या भोकाची कड खरवडली. मार्कर निघाला, खालचं लोखंड चमकलं. डावीकडं जाऊन त्यांनी तिथंही खरवडलं. तिथं मार्कर नव्हता, ब्रशनं नीट लावलेला काळा रंग होता, आणि तोही निघाला. “दोन्हीकडनं घासलंय की हो,” बुवा म्हणाले.

दोन्हीकडनं. मिस्त्रीनं फक्त उजवीकडचं घासलं होतं. तो पुढं वाकला. नटाच्या वॉशरखालून डावीकडची भोकं लांबट झालेली दिसत होती, आणि त्यांच्या कडेला कानशीचे ओरखडे तिरपे होते. तो सरळ घासायचा. तिरपं घासायची सवय त्यानं एकाच व्यक्तीची मोडू पाहिली होती आणि ती मोडली नव्हती. त्यानं मान वर केली. मुलगी रांगेच्या कडेला उभी होती आणि हातमोज्यांची बोटं एकेक करून ओढत होती, अगदी मन लावून. “का घासलंत?” बुवांनी विचारलं. “बसायला जरा... जड जात होता.” बुवांनी त्याच्याकडं बघितलं. खूप वर्षांचा स्नेह होता. त्यांना कळलं असेल का? कळलं असेल. पण त्यांच्या पुस्तकात दांडा कसा नसावा हे होतं, टॉवर कुठं असावा हे नव्हतं. “दांडा घासू नये असं कलम नाही,” ते सावकाश म्हणाले, “वर्गात बसतंय.” आणि त्यांनी काचेवर हिरवी चिठ्ठी चिकटवली, तळहातानं दाबून, हवा राहू नये म्हणून.

आता अडवणारं कोणी उरलं नव्हतं. हे त्याला स्वच्छ कळलं. इतका वेळ आपण बुवांची वाट बघत होतो, हेही कळलं. बुवांनी अडवलं असतं तर बुवांना शिव्या देता आल्या असत्या, मोसम बुवांनी घालवला असता, बाप तसाच्या तसा राहिला असता. ट्रॅकच्या मागच्या अंगाला एक लांबलचक उजवं वळण होतं, भिंतीला घासून जाणारं. त्या वळणावर गाडीचा सगळा भार पुढच्या डाव्या चाकावर यायचा, मग वळण सुटताना एकदम उजव्यावर. फाटता टॉवर तिथं सुटला तर चाक आत मुडपतं आणि मग स्टिअरिंग कितीही डावीकडं धरा. ती भिंत रोजचीच होती. पांढरी, तिच्यावर टायरांचे काळे फराटे. आज त्याला ती दुरून दिसत होती आणि तिच्याकडं बघवत नव्हतं.

गाड्या सुटायच्या रांगेत लागल्या. ती आत बसली होती, पट्टे आवळलेले, हेल्मेट घातलेलं; नुसते डोळे दिसत होते, म्हणजे आईचे डोळे. तो खिडकीपाशी वाकला. त्याला वाटलं होतं आवाज चढेल, पण तो निघाला अगदी बारीक. “डावीकडचं तू घासलंस?” “हो.” “कधी?” “तुम्ही तापानं पडला होतात तेव्हा. तेव्हा टॉवर थोडाच आत होता.” “अगं, मला सांगायचं नाही का?” ती समोर बघत होती. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्याकडं. “सांगून काय झालं असतं बाबा? तुम्ही घासूनच दिलं असतं.”

“असं कसं म्हणतेस? मी—”

“काल दांडा मुद्दाम ठेवला मी तुमच्यासाठी,” ती म्हणाली. हेल्मेटमधून आवाज दबका येत होता, पण शब्द न् शब्द कळत होता. “म्हटलं, सकाळी दांडा बसणार नाही. मग बाबा विचारतील. त्यांनी विचारलं, की थांबायचं. मी पहाटेपासून जागी होते. कानशीचा आवाज आला मला वरती.” तिनं खांद्यावरचा पट्टा आणखी आवळला. “आपण होऊन नाही थांबता येत मला. मलाही नाही जमत ते.”

पुढच्या गाड्या सुटायला लागल्या होत्या. रांग पुढं सरकली, तिनं गाडी सरकवली, तो बाजूनं चालत गेला, एक हात बॉनेटवर ठेवून, वासराला बाजारात नेतात तसा. झेंडेवाला ओरडला, “मिस्त्री, बाजूला व्हा!” तो झाला नाही. उलट पुढं जाऊन गाडीच्या नाकासमोर उभा राहिला. मागच्या गाडीनं हॉर्न दिला, मग तिच्या मागच्यानं. “अहो, वेड लागलंय का? तिचा नंबर आहे!” त्यानं बॉनेटच्या पिना ओढल्या, बॉनेट वर केलं आणि खिशातला पाना काढला. उजवीकडचा पहिला नट सुटला, दुसरा सुटला. तिसरा सुटताच दांड्यानं असा आवाज केला, की हॉर्न देणारेही क्षणभर गप्प झाले. तो उसळून त्याच्या मनगटाला लागला. तीन स्टड त्याच्या डोळ्यांदेखत आत सरकले. रंगातली ती केसासारखी रेघ उघडली होती, टॉवरच्या अर्ध्या घेरापर्यंत, आणि तिच्यातून खालचं टायर दिसत होतं. नियमबुवा धावत आले, वाकले, आणि बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग ते उभे राहिले, झेंडेवाल्याकडं बघून त्यांनी आडवा हात हलवला, आणि जाऊन काचेवरची हिरवी चिठ्ठी स्वतःच्या नखानं काढायला लागले. ती नीट चिकटली होती, तुकड्या-तुकड्यानं निघाली. लाउडस्पीकरवर तिचा नंबर वाचला गेला, मग बाद केल्याचं सांगितलं, मग पुढचा नंबर.

चौघांनी गाडी ढकलत कडेला आणली. मुलगी उतरली. हेल्मेट काढून तिनं ते टपावर ठेवलं आणि कुंपणाकडं चालत गेली, पाठ करून. तिचे खांदे हलत होते. मोसम गेला होता, ‘बसून बोलू’ गेलं होतं, आणि ती जिवंत होती, या तिन्ही गोष्टी एकदम खऱ्या होत्या आणि त्यांतली कुठली धरावी हे त्याला कळेना. जावं तिच्याजवळ, त्याला वाटलं. जाऊन काही म्हणायचं नाही, नुसतं विचारायचं. काय विचारायचं? तुला किती भीती वाटत होती. कधीपासून वाटत होती. आणि आईनं तुला काही सांगितलं होतं का, मला सांगितलं नाही ते. इतके प्रश्न त्याच्यात होते हे त्यालाच माहीत नव्हतं. तिकडं वळणावर गाड्या किंचाळत होत्या. मनगटावर, दांडा लागला तिथं, निळसर सूज येत होती.

तिनं डोळे पुसले, श्वास घेतला आणि ती वळली. त्याच्याकडंच यायला वळली होती. चेहरा लहानपणी पडल्यावर व्हायचा तसा झाला होता, कोणीतरी जवळ घेण्यासाठी उघडा. दोन पावलं आली आणि थांबली. ती कशाकडं बघतेय हे त्याला आधी कळलं नाही. तिची नजर त्याच्या हातांवर होती, म्हणून त्यानंही आपल्या हातांकडं बघितलं. हातांनी दांडा पुन्हा टॉवरवर टेकवलेला होता. डावं टोक स्टडांवर, उजवं अधांतरी, आणि उजव्या हाताचा अंगठा भोक आणि स्टड यांच्यामधलं अंतर चाचपत होता, अजून किती घासावं लागेल ते बघत.